शेजाराचा कौल

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांच्या तोंडी नेहमी असे. दोन्ही कार्यांतील यातायात ज्याने स्वतः सोसली त्यालाच ती ठाऊक, असा तिचा भाव. या म्हणीस आणखी एक चरण जोडावा असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. तो चरण म्हणजे ‘शेजार पाहावा राहून’. भिंती पैशाने उभ्या राहतात, फरशी पैशाने चकचकीत होते. परंतु दार उघडताच समोरच्या घरातून आपुलकीची हाक यावी, ही गोष्ट कोणत्याही खरेदीखतात लिहून मिळत नाही. आणि ज्यांच्या घरात नुकताच पाळणा हलू लागला आहे अशा तरुण जोडप्याला तर त्या हाकेची गरज फरशीहून अधिक असते.

आपल्या आजोबांना हा प्रश्न पडलाच नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागल्या बाजूस धान्याची वखार आणि चार पावलांवर बस्ती, अशी बेळगावच्या पेठेतील व्यापाऱ्याची राहणी होती. जेथे गादी तेथे घर. शेजारीही बहुधा व्यापारीच. त्याच्याशी दिवसा भावात चढाओढ आणि रात्री ओट्यावर गप्पा. पुढे काळ पालटला. तत्कालीन म्हैसूर राज्याने १९६६ साली कृषि उत्पन्न बाजाराचा कायदा केला, नियंत्रित बाजाराचे यार्ड आले, मालमोटारी मोठ्या झाल्या, पेठेचे रस्ते मात्र तेवढेच राहिले. मुले शिकली, कोणी दुकानात आला, कोणी बँकेत गेला, कोणी संगणकाच्या नोकरीत शिरला. सुनाही नोकरी करू लागल्या. गादी आणि घर यांची ताटातूट झाली, आणि ‘राहावे कोठे?’ हा प्रश्न आपल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. गोव्यापासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत पसरलेल्या आपल्या बांधवांना तो सारखाच पडत असणार, म्हणून त्याविषयी चार विचार येथे मांडीत आहे.

शास्त्रकारांनी काय सांगितले

हा विषय निव्वळ व्यवहाराचा आहे, धर्माचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या आचार्यांनी तसे मानलेले नाही. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राचार्यांनी आपल्या ‘योगशास्त्र’ या ग्रंथात धर्माला पात्र अशा गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. न्यायाने मिळविलेले धन हा त्यांतील पहिला गुण आपण व्यापारी लोक वारंवार ऐकतो. पण त्याच मालिकेत घर कसे असावे हेही सांगितले आहे, तिकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. घर अगदी उघड्यावर नसावे, अगदी दडलेलेही नसावे. त्याला बाहेर पडण्याच्या वाटा फार नसाव्यात. आणि शेजारी चांगले असावेत, असा त्याचा आशय आहे. उघड्यावरच्या एकाकी घरास चोरांचे भय. चहूंकडून वेढलेल्या घरातून आगीच्या वेळी बाहेर पडणे कठीण. आणि शेजार वाईट असला तर त्याचे बोलणे-वागणे पाहून ऐकून घरच्या माणसांचे गुण झडतात. आठशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या कोणत्याही सूज्ञ सासूबाईच्या तोंडी शोभेल.

दिगंबर परंपरेत पंडित आशाधर यांनी तेराव्या शतकात ‘सागारधर्मामृत’ लिहिले. श्रावकास साजेल असे स्थान व साजेल असे घर असावे, हे तेही सांगतात. त्यांचे स्वतःचे आयुष्य याचीच साक्ष आहे. परचक्राच्या भयाने मांडळगड सोडून त्यांचे कुटुंब माळव्यात धारानगरीस आले. धारा म्हणजे राजधानी, विद्येचे माहेर. तरीही पुढे पंडितजी नलकच्छपूर म्हणजे आजच्या धार जिल्ह्यातील नालछा या लहान गावी जाऊन राहिले. तेथे श्रावकांची वस्ती दाट होती आणि धर्मकार्यास अनुकूलता होती, म्हणून. इंदूरच्या आपल्या सभासदांना हे गाव दूर नाही. राजधानीचा लौकिक सोडून माणूस आपल्या कामास पोषक अशा शेजाराकडे गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पेठ वसते ती कौलाने

नवी पेठ कशी वसत असे हेही पाहण्यासारखे आहे. मराठेशाहीत पेठ वसविण्याचे ठरले की शेटे-महाजनांना सरकारातून कौल मिळे. काही वर्षे कराची सूट, जागेची सोय आणि मुख्य म्हणजे अभयाचे वचन, हा त्या कौलाचा गाभा. ‘या, निर्धास्त राहा, तुम्हांस उपद्रव होणार नाही’ असे आधी सांगावे लागे, मग व्यापारी बैल जुंपून निघे. नुसत्या आखलेल्या रस्त्यांनी पेठ वसली असे कधी घडले नाही.

आपल्या बेळगावची गोष्ट तर याहूनही जुनी आहे. किल्ल्यातील कमल बस्ती आपणा सर्वांची दर्शनाची जागा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने ती १२०४ च्या सुमारास उभारली. त्या काळच्या बेळगावच्या शिलालेखात जिनालयासाठी आपल्या मालातील ठरावीक भाग देऊ करणाऱ्या व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि त्यांत स्थानिकांबरोबर लाट म्हणजे गुजरात आणि मलयाळ म्हणजे केरळ या देशांचे व्यापारीही आहेत. वेणुग्रामात आठशे वर्षांपूर्वी परमुलखाचे लोक नांदत होते, आणि गावाच्या कार्यात त्यांचा वाटा होता. ज्यांना कौल मिळाला त्यांनी गावाला आपले मानले. आज आपण ज्यांना ‘मूळचे’ म्हणतो त्या घराण्यांपैकी कितीजण असेच कोणाच्या तरी कौलावर आलेले आहेत!

आजच्या काळी सरकार असा कौल देत नाही. घर घेणाऱ्याला बँक कर्ज देते, बांधकाम करणारा किल्ली देतो; पण ‘निर्धास्त राहा’ हे सांगायचे काम शेजाऱ्यावर येऊन पडले आहे. तरुण कुटुंबाने वस्ती निवडायची म्हणजे हा कौल कोठे मिळेल ते ओळखायचे, असे माझे मत आहे.

नमुना मधून काढावा

धान्याचा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी असलेले दाणे पाहून सौदा करीत नाही. तोंडाशी चांगला माल भरण्याची विद्या सर्वांनाच येते. आपण पोत्याच्या पोटात लोखंडी नळी टोचतो, मधले दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाताखाली घालून ओल पाहतो. वस्तीचेही तसेच करावे. रविवारी दुपारी दलालाबरोबर मोटारीतून पाहिलेली वस्ती म्हणजे पोत्याच्या तोंडचा माल.

एकदा सकाळी जावे. बस्ती किंवा मंदिर पायी किती अंतरावर आहे, वृद्ध माणसे तेथवर एकटी जाऊ शकतील काय, शाळेची मुले रस्ता कसा ओलांडतात, हे तेव्हाच कळते. टिळकवाडीकडे घर पाहणाऱ्याने रेल्वे फाटक बंद असताना किती वेळ खोळंबा होतो तेही पाहून घ्यावे. एकदा सायंकाळी, सूर्यास्ताच्या आधी जावे. आपल्या घरांत चुली त्या वेळी आटोपत आलेल्या असतात, आणि वस्तीचे खरे स्वरूप त्याच वेळी बाहेर येते. मुले खेळत आहेत काय? बायका दारात उभ्या राहून बोलतात काय? अनोळखी माणूस दिसताच कोणी ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारतो काय? या विचारण्यात संशय असतो तसा जिव्हाळाही असतो. कोणीच विचारीत नसेल तर ती वस्ती नव्हे, नुसती घरांची रांग होय.

आणि एकदा भर पावसात जावे. बेळगावचा पाऊस कसा असतो हे आपणास सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये बळ्ळारी नाल्याच्या आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरले. उन्हाळ्यात स्वस्त वाटलेला भूखंड आषाढात आपली किंमत सांगतो. पिण्याच्या पाण्याचेही तसेच. शहराच्या काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास नळ सुरू झाले, इतरत्र मात्र किती दिवसांनी पाणी येते हे शेजारणीलाच विचारावे लागते. पाणी गाळून घेणाऱ्या आपल्या घरांना हा प्रश्न गौण नाही. कागदपत्रांविषयी थोडक्यातच सांगतो. जमीन बिनशेती झालेली आहे काय, आराखडा नगरविकास प्राधिकरणाने मंजूर केला आहे काय, आणि खाते कोणाच्या नावे आहे, हे वकिलाकडून तपासल्यावाचून एक पैसाही देऊ नये. नुसत्या बाँड पेपरवर लिहून दिलेली जागा शेजार कितीही गोड असला तरी घेऊ नये.

भाषेचा विचारही सीमाभागात करावा लागतो. १९५६ पासून हा प्रश्न आपल्याकडे राजकारणाचा झाला आहे. तो येथे काढण्याचे कारण नाही. परंतु मुलाला घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तिन्ही वाणींचा सहवास घडेल अशी गल्ली मिळाली, तर पुढे त्याला कोणत्याही बाजारात अडचण पडणार नाही. भाव दोन भाषांत पुकारणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना हे पटवून द्यावे लागू नये.

एका घराची निवड

माझ्या धाकट्या मुलाने बिऱ्हाड वेगळे करायचे ठरविले तेव्हा त्याची मुलगी तीन वर्षांची होती. सून हुबळीकडची, शाळेत शिक्षिका. पेठेतील आमच्या जुन्या घराच्या माडीवर तीन खोल्या मोकळ्या होत्या. बस्ती जवळ, दुकान खाली. पण पहाटे चारपासून मालमोटारी लागतात, हमालांच्या हातगाड्यांतून वाट काढावी लागते, आणि लहान मुलीला पाय मोकळे करण्यास अंगणाएवढीही जागा नाही. दुसरी जागा शहराबाहेरील नव्या वसाहतीत होती. फाटकावर पहारेकरी, आत बाग, रस्ते आरशासारखे. आम्ही तेथे तीन वेळा गेलो. तिसऱ्या खेपेस सून म्हणाली, “मामा, इथं बाग आहे, पण तिच्यात मुलं नाहीत. तीनदा आलो, नाव कोणी विचारलं नाही.”

तिसरे घर टिळकवाडीत, व्हॅक्सिन डेपोच्या झाडीपासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत मिळाले. घर लहान, जुने आणि भाड्याने महाग. परंतु आम्ही कुलूप उघडीत होतो तोच समोरच्या वयस्क बाई बाहेर आल्या. पाणी कोणत्या दिवशी येते, कोपऱ्यावरचा कुत्रा भुंकतो पण चावत नाही, आणि दूधवाला सुट्या पैशांसाठी कटकट करतो, हे सर्व त्यांनी आम्ही न विचारता सांगितले; मग नातीकडे पाहून म्हणाल्या, “हिला संध्याकाळी आमच्याकडे पाठवा हं, आमची नात एकटीच असते.” मुलाने त्याच दिवशी आगाऊ रक्कम दिली. व्यापाऱ्याच्या मुलाने भावात घासाघीस न करता सौदा केल्याचे मी पाहिले ते तेवढेच.

त्या घराच्या डाव्या हातास लिंगायत कुटुंब आहे, उजव्या हातास मूळचे गोव्याचे ख्रिस्ती कुटुंब. उजवीकडच्या घरात मासळी शिजते, हे सांगून आमच्या नात्यातील काहींनी नाके मुरडली होती. पहिल्या नाताळात त्या घरून फराळाचे ताट आले. ताटाबरोबर निरोप होता : ‘यात अंडे घातलेले नाही, आणि दिवेलागणीच्या आधी पाठवीत आहोत.’ आपली जेवणाची वेळ त्यांनी पाहून ठेवली होती! दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी सून दोन्ही शेजाऱ्यांच्या दारी गेली आणि वर्षभरात आमच्याकडून काही दुखावले असल्यास क्षमा असावी म्हणून हात जोडून आली. ‘हा कसला सण?’ असे त्यांनी विचारले आणि तिने समजावून सांगितले. धर्माची प्रभावना व्याख्यानमंडपातच होते असे नाही.

आपलीच वस्ती असावी काय?

येथे एका नाजूक गोष्टीस हात घातल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. केवळ आपल्याच लोकांची इमारत असावी, इतरांस तेथे घर देऊ नये, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची त्या संस्थेची उपविधी मान्य केली, हा दाखला ते देतात. कायदा काय सांगतो हे कायदेपंडितांनी पाहावे. या इच्छेमागील कारणे मी हलकी मानीत नाही. मुनिसंघ आला असता आहाराची सोय व्हावी, मुलांवर संस्कार घडावेत, वृद्धांना सोबत मिळावी, आणि आपल्या घरासमोर जीवहिंसा दृष्टीस पडू नये, या अपेक्षांत गैर काही नाही. पंडित आशाधरही श्रावकांच्या दाट वस्तीतच जाऊन राहिले होते.

परंतु आपल्या व्यवसायाकडे पाहावे. आपला माल पिकवितो तो मराठा, लिंगायत शेतकरी. पोते उचलतो तो मुसलमान किंवा धनगर हमाल. घेऊन जातो तो कोकणातला, गोव्यातला दुकानदार. दिवसभर ज्यांच्या शब्दावर आपण लाखांचा माल सोडतो, त्यांच्या मुलांशी आपल्या मुलांनी खेळू नये, हे कसे? चहूंकडून वेढलेल्या घरातून आगीच्या वेळी बाहेर पडता येत नाही, हे हेमचंद्राचार्यांचे म्हणणे मला भिंतींपुरतेच वाटत नाही. माझे मत असे की बस्ती पायी चालण्याच्या अंतरात असावी, आपली पाच-दहा घरे हाकेच्या अंतरावर असावीत, आणि त्यांच्या मधून इतरांचीही घरे असावीत. अशा गल्लीत वाढलेल्या मुलाला आपला धर्मही कळतो आणि बाजारही कळतो.

कौल देणारे आपणच

आतापर्यंत घर शोधणाऱ्याविषयी लिहिले. आता घर असणाऱ्याविषयी, म्हणजे आपल्याविषयी. माझ्या नात्यातील एक तरुण नोकरीनिमित्त दुसऱ्या मोठ्या शहरी गेला. दोन वर्षांचे मूल पाहून एका घरमालकाने ‘लहान मुले भिंती खराब करतात’ म्हणून नकार दिला, दुसऱ्याने गाव विचारून नकार दिला. शेवटी उंच इमारतीत घर मिळाले. त्याची बायको माहेरी आली असता म्हणाली, “चाळीस घरं आहेत, पण मला नावाने हाक मारणारं एकही नाही.” वर्ष पुरे होण्याआधी त्यांनी ते शहर सोडले.

ही गोष्ट ऐकून आपल्याला वाईट वाटते. पण आपल्या सभासदांच्या मालकीची किती माड्या, किती खोल्या आज बंद पडून आहेत? ‘भाडेकरू जाणार नाही’ या भीतीने किंवा ‘मुले गोंगाट करतील’ या कारणाने आपणही किती तरुण जोडप्यांना परत पाठविले आहे? आणि मग आपणच तक्रार करतो की मुले पुण्याला गेली, बंगळूरला गेली, पेठेला वारस उरला नाही. ज्या गावात तरुण कुटुंबाला दार उघडत नाही ते गाव दुकाने असूनही ओस पडते.

वात्सल्य आणि स्थितिकरण ही सम्यक्त्वाच्या आठ अंगांपैकी दोन अंगे आपण पूजेत म्हणतो. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने परगावच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली तेव्हा तिने याच अंगांचा अर्थ कृतीत आणला. खेड्यातल्या पोराला शहरात टेकण्यास जागा मिळाली, म्हणून पिढ्या शिकल्या. आज ती गरज तरुण कुटुंबांची आहे. म्हणून आपल्या संघापुढे तीन साध्या सूचना नम्रपणे ठेवतो. सभासदांच्या रिकाम्या घरांची व खोल्यांची एक नोंदवही संघाच्या कार्यालयात असावी आणि लेखी करार करून देण्याची व्यवस्था संघाने करावी, म्हणजे मालकाची भीती व भाडेकरूची चिंता दोन्ही दूर होतील. प्रत्येक विभागात महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी नव्याने आलेल्या कुटुंबाकडे, ते कोणत्याही समाजाचे असो, पहिल्या आठवड्यात जावे. दूध, पाणी, डॉक्टर, शाळा आणि मोलकरीण यांची माहिती द्यावी आणि पहिल्या दिवशीचे संध्याकाळचे जेवण आपल्या घरून पाठवावे. आणि बस्तीत नवा चेहरा दिसला की ‘कोणाकडचे?’ एवढेच विचारून न थांबता ‘कोठे राहता, मुले किती?’ असे विचारावे. यास खर्च जवळजवळ नाही.

तरुण वाचकांनाही एक सांगावेसे वाटते. कौल मिळाला की तो पाळावाही लागतो. नव्या गल्लीत गेल्यावर ‘आमच्याकडे कोणी येत नाही’ म्हणून दार लावून बसू नका. आधी तुम्ही जा. सणाचे ताट पाठवा, शेजारच्या म्हाताऱ्याचे औषध आणून द्या, तुमच्या मुलाच्या चेंडूने फुटलेली काच न मागता भरून द्या. रोजमेळात जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात, तसेच शेजाराचेही आहे.

घराची किंमत दर वर्षी बदलते. आज घेतलेली जागा उद्या महाग होईल की स्वस्त, हे बाजारच ठरवील. परंतु तरुण आईने पंधरा मिनिटे बाहेर जाताना आपले मूल निःशंकपणे ज्या दारात सोडावे असे एक दार ज्या गल्लीत आहे, ती गल्ली तिने निवडावी. आणि आपल्यापैकी प्रत्येकाचे दार कोणासाठी तरी तसे व्हावे, हीच या नूतन वर्षी सर्व सभासद कुटुंबांस माझी प्रार्थना.